स्पॅनिश व पोर्तुगीज अमेरिकेतील स्वातंत्र्यक्रांत्या

स्पेन व पोर्तुगाल यांच्या अमेरिका खंडातील वसाहती १८०८ ते १८२६ या काळात ज्या उठावांतून, युद्धांतून आणि तडजोडींतून स्वतंत्र झाल्या, त्यांचा उल्लेख एकत्रितपणे ‘स्वातंत्र्यक्रांत्या’ असा केला जातो. मेक्सिकोपासून चिलीपर्यंत पसरलेले स्पेनचे साम्राज्य या अवधीत मोडले. क्यूबा व प्वेर्तो रिको ही बेटे तेवढी स्पेनकडे उरली. तीही १८९८ मध्ये गेली.

असंतोष जुना होता. अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्यांना क्रिओल म्हणत. जमिनी व खाणी बऱ्याच अंशी त्यांच्या हाती होत्या, पण वरची पदे स्पेनहून आलेल्यांना मिळत. व्यापारावर निर्बंध होते आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कर वाढत गेले. मात्र क्रिओलांना स्पेनइतकीच धास्ती खालच्या थरांचीही होती. पेरूमध्ये १७८०-८१ मध्ये दुसऱ्या तुपाक आमारूने मूळ रहिवाशांचा प्रचंड उठाव केला होता. हैतीत गुलामांनी मालकांची सत्ता उलथून १८०४ मध्ये स्वतंत्र राष्ट्र स्थापले होते. हे दुहेरी भय ध्यानात घेतल्यावाचून या क्रांत्यांची वेडीवाकडी वळणे उलगडत नाहीत.

ठिणगी पडली युरोपात. १८०८ मध्ये नेपोलियनने स्पेनचा राजा सातवा फर्नांदो याला पदत्याग करायला लावून आपला भाऊ जोसेफ याला गादीवर बसवले. राजाच नाही, तर सत्ता कोणाची? ती प्रजेकडे परत येते, असे म्हणत १८१० मध्ये काराकास, ब्वेनोस आयरेस, बोगोता आणि सांतियागो येथे स्थानिक शासनमंडळे उभी राहिली. त्यांतील बहुतेकांनी आरंभी कारभार फर्नांदोच्याच नावाने चालवला.

मेक्सिकोत मात्र सुरुवात गावातून झाली. १६ सप्टेंबर १८१० रोजी दोलोरेस गावचे धर्मगुरू मिगेल इदाल्गो यांनी चर्चची घंटा वाजवून लोकांना उठावाची हाक दिली. मूळ रहिवासी आणि मिश्रवंशीय मेस्तिसो हजारोंनी त्यांच्यामागे निघाले. त्याच महिन्यात ग्वानाह्वातो शहरातील धान्यकोठारात आश्रय घेतलेल्यांची या जमावाने कत्तल केली, आणि उठावाबद्दल सहानुभूती असलेले अनेक क्रिओल धास्तावून राजाच्या बाजूला गेले. १८११ मध्ये इदाल्गो यांना गोळ्या घालून ठार करण्यात आले; त्यांचे व तीन सहकाऱ्यांचे शिर त्याच कोठाराच्या चार कोपऱ्यांवर टांगले गेले आणि दहा वर्षे तिथेच राहिले. लढा पुढे नेणारे धर्मगुरू मोरेलोस यांनाही १८१५ मध्ये देहदंड झाला. शेवटी १८२१ मध्ये स्वातंत्र्य आणले ते अगुस्तीन दे इतुर्बिदे याने. बंडखोरांशी वर्षानुवर्षे लढलेला हा राजनिष्ठ अधिकारी बंडखोर नेते व्हिसेंते गेरेरो यांच्याशी हातमिळवणी करून पुढे आला. १८२० मध्ये स्पेनमध्ये उदारमतवादी सत्तेवर आल्याने मेक्सिकोतील चर्च आणि प्रस्थापित वर्ग बिथरला होता, हे त्यामागचे एक मोठे कारण.

व्हेनेझुएलात १८११ मध्ये प्रजासत्ताक घोषित झाले, पण मताधिकार मालमत्तेला बांधलेला राहिला. याचा फायदा बोव्हेस या स्पॅनिश सरदाराने उठवला. गवताळ मैदानांतले यानेरो, म्हणजे बव्हंशी मिश्रवंशीय असलेले घोडेस्वार गुराखी, राजाच्या झेंड्याखाली जमवून त्याने पहिल्याच्या पाडावानंतर उभे राहिलेले दुसरे प्रजासत्ताकही १८१४ मध्ये चिरडले. या युद्धात दोन्ही बाजूंचे बहुतेक सैनिक अमेरिकेतच जन्मलेले होते. म्हणून त्याला यादवी म्हणणे अधिक योग्य ठरेल. परागंदा झालेला व्हेनेझुएलाचा क्रांतिनेता सिमोन बोलिव्हार याला हैतीचे अध्यक्ष पेत्यों यांनी शस्त्रे दिली, ती गुलामांना मुक्त करण्याच्या वचनावर. पुढे पाएसच्या नेतृत्वाखाली यानेरो बोलिव्हारच्या बाजूने लढू लागले आणि पारडे फिरले. १८१९ मध्ये अँडीज ओलांडून बोलिव्हारने आजच्या कोलंबियातील बोयाका येथे विजय मिळवला.

दक्षिणेकडून अर्जेंटिनाचा सेनानी होसे दे सान मार्तिन १८१७ मध्ये अँडीज ओलांडून चिलीत आणि तेथून समुद्रमार्गे पेरूत उतरला. ९ डिसेंबर १८२४ रोजी पेरूतील आयाकुचो येथे बोलिव्हारचा सेनापती सुक्रे याने स्पॅनिश सैन्याचा निर्णायक पराभव केला.

पोर्तुगालची कथा निराळी. १८०७ मध्ये फ्रेंच फौज लिस्बनजवळ येताच राजघराणे दरबारासह ब्राझीलला निघाले आणि रिओ दी जानेरो साम्राज्याची राजधानी बनली. पोर्तुगालमधील १८२० च्या क्रांतीनंतर राजा सहावा जुआंव मायदेशी परतला, पण लिस्बनची संसद ब्राझीलला पुन्हा दुय्यम करू पाहत होती. त्याचा मागे राहिलेला पुत्र पेद्रो याने ७ सप्टेंबर १८२२ रोजी स्वातंत्र्य घोषित केले. ब्राझीलच्या बाहिया प्रांतात १८२३ पर्यंत रक्तपात झाला, तरी राजघराणे जागेवर असल्याने विशाल ब्राझील एकसंध राहिला. स्पॅनिश अमेरिकेचे तुकडे झाले. पोर्तुगालमधील त्याच क्रांतीची लाट गोव्यातही आली: १८२१ मध्ये तेथील व्हाइसरॉय पदच्युत झाला आणि लिस्बनच्या संसदेवर निवडलेल्या प्रतिनिधींत गोमंतकीय बेर्नार्दो पेरिश द सिल्व्हा होते.

स्वातंत्र्य सर्वांच्या वाट्याला सारखे आले नाही. ब्राझीलमध्ये गुलामगिरी १८८८ पर्यंत टिकली. पेरूत मूळ रहिवाशांवरील डोईपट्टी सान मार्तिनने १८२१ मध्ये रद्द केली होती; १८२६ मध्ये नव्या प्रजासत्ताकाने ती दुसऱ्या नावाने पुन्हा लादली, आणि ती १८५४ पर्यंत वसूल होत राहिली.