चिठ्ठीवरची त्वचारोगांची नावं आणि त्यांचा अर्थ
(आमच्या मेडिकलच्या ग्राहकांसाठी)

चिठ्ठीवर ‘टिनिया’ वाचून धसका घेतलेले आणि अंगभर खाज असताना “एखादी ट्यूब द्या” म्हणणारे, दोन्ही तऱ्हेचे ग्राहक काउंटरवर येतात. हे पत्रक दोघांसाठी.

टिनिया म्हणजे गजकर्ण किंवा नायटा, बुरशीचा संसर्ग. पुढचा शब्द बहुधा जागा सांगतो: कॉर्पोरिस अंगावर, क्रूरिस जांघेत, पेडिस पायांना, कॅपिटिस डोक्यात. टिनिया व्हर्सिकलर मात्र शिबं. त्याची बुरशी वेगळी. औषधाने ती गेली तरी डाग रंगावर यायला काही महिने लागतात. तेवढ्यासाठी औषध बदलू नका.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो गजकर्णाचा. शेजारपाजारी सुचवतात ती बहुधा मिश्र ट्यूब असते: बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, लालीही उतरते, पण बुरशी पसरतच राहते. चकंदळाची कड पुसट होते आणि पाहणाऱ्यालाही रोग चटकन ओळखता येत नाही. याला टिनिया इनकॉग्निटो म्हणतात. जांघेतली कातडी नाजूक. तिथे फार दिवस लावलं तर ताणल्यासारखे वळ उठतात आणि ते कायमचे राहतात. ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन लिहिलेलं असेल तर ती आम्ही चिठ्ठीशिवाय देणार नाही. नियमही तसाच आहे. राग मानू नये.

स्केबीज म्हणजे खरूज. पर्मेथ्रिन 5 टक्के क्रीम फक्त खाजेच्या जागी लावून उपयोग नाही. मोठ्यांनी रात्री मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांतही लावावं आणि सकाळी धुवावं. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री. तान्ह्या बाळासाठी आणि गरोदर बाईसाठी आधी डॉक्टरांना विचारा. किडे मेल्यावरही दोन-चार आठवडे खाज राहू शकते.

हर्पिस झोस्टर ही नागीण. तिचा वेढा पुरा झाला की माणूस दगावतो, ही निव्वळ भीती. विषाणू कांजिण्यांचाच. पण मंत्र-गेरूत दिवस घालवू नका. गोळ्या फोड आल्यापासून 72 तासांत सुरू झालेल्या बऱ्या. डोळ्याजवळ फोड असतील तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

एक्झिमा (इसब), सोरायसिस आणि व्हिटिलिगो (कोड) यांतलं काहीही शिवल्याने होत नाही. मात्र फिकट किंवा लालसर चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, तर तपासणी सरकारी दवाखान्यात करून घ्या. तो कुष्ठरोग निघाला तर औषधं तिथे मोफत मिळतात आणि तो पूर्ण बरा होतो.

अर्टिकेरिया म्हणजे अंगावर उठणारं पित्त. एकेक गांध बहुधा 24 तासांत विरते. ओठ, जीभ सुजली किंवा श्वास अडकला तर आमच्याकडे न येता थेट इस्पितळात जा.

डॉक्टरांकडे जाताना आधी लावलेल्या सगळ्या ट्यूब सोबत न्या, अर्धवट संपलेल्यासुद्धा.