आवाज तुटतोय, की कार्ड झोपेतून उठतंय?

लिनक्सवरच्या आवाजाची तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "आवाज तुटतोय, मधेच टक्कन वाजतं." या वाक्यामागे दोन निराळे बिघाड असू शकतात आणि त्यांचा एकमेकांशी जवळजवळ काही संबंध नसतो.

पहिला बिघाड म्हणजे एक्सरन. आवाज चालू असताना आवाजाचे पुढचे आकडे (सॅम्पल) साउंड कार्डापर्यंत वेळेत पोचत नाहीत, कार्डाकडे वाजवायला काही उरत नाही आणि खरखर किंवा चर्र असा तुकडा ऐकू येतो. (ऐकण्याच्या बाजूला याला अंडररन म्हणतात, माइकच्या बाजूला ओव्हररन.) दुसऱ्या बिघाडात सॅम्पल वेळेवरच असतात. पण आधी काही वेळ शांतता होती, म्हणून वीज वाचवायला कार्ड झोपवलेलं असतं. नवा आवाज आला की ते दचकून उठतं, उठताना टक् किंवा फट् वाजतं, नाहीतर पहिला शब्दच गिळलेला असतो.

पहिल्याला बफर (वाजवण्याआधी तयार ठेवलेला आवाजाचा साठा) वाढवावा लागतो, दुसऱ्याला झोप आवरावी लागते. औषधांची अदलाबदल झाली तर आजार तसाच राहतो आणि वर भुर्दंड पडतो: झोपेच्या बिघाडावर बफर वाढवला तर कॉल आणि गेममध्ये आवाज उशिरा येऊ लागतो, एक्सरनवर झोप बंद केली तर बॅटरी विनाकारण जाते. तरीही नेटवर सापडलेली दोन्ही सेटिंग एकदम टाकायची सवय फार जणांना आहे. त्यात वाईट असं की मग गुण आला तरी तो कशाने आला ते कळत नाही, आणि सहा महिन्यांनी अपडेटनंतर तोच आवाज परत आला की पाटी पुन्हा कोरी.

थोडं वाटेबद्दल. आजच्या बहुतेक डेस्कटॉपवर ॲपचा आवाज पाइपवायर या ध्वनिसेवेकडे जातो, तिथून कर्नलमधल्या (लिनक्सच्या गाभ्यातल्या) अल्सा या ध्वनियंत्रणेकडे आणि मग कार्डाकडे. फेडोराने २०२१ मध्ये ३४ व्या आवृत्तीत पल्सऑडिओ या जुन्या ध्वनिसेवेच्या जागी पाइपवायर आणलं, उबुंटूने २२.१० मध्ये. पण कुठलं उपकरण कधी उघडायचं आणि कधी मिटायचं, हे पाइपवायर स्वतः ठरवत नाही. ते काम त्याच्या जोडीदाराचं, वायरप्लंबरचं. म्हणून एक्सरनचा माग पाइपवायरमध्ये लागतो, झोपेचा माग वायरप्लंबर आणि कर्नल यांच्यामध्ये कुठेतरी.

(कमांडची आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची.)

चाचणीच बिघाड लपवते

आवाज तपासायला बहुतेक जण 'स्पीकर-टेस्ट' लावतात. ती कमांड थांबवेपर्यंत सलग आवाज काढत राहते. आता विचार करा: आवाज सलग चालू असेल तर कार्ड झोपणार कधी? म्हणजे झोपेचा बिघाड असलेलं मशीनही या चाचणीत स्वच्छ पास होतं. उलट कोणी सेटिंगच्या खिडकीत जाऊन डावा-उजवा स्पीकर तपासण्याचं बटण दाबतो. तो आवाज इतका छोटा असतो आणि त्या वेळी मशीनवर इतका कमी भार असतो की अंडररन सापडण्याची शक्यता फारच कमी. दोन्ही चाचण्या 'सगळं ठीक' म्हणतात, आणि माणूस हेडफोन बदलायला निघतो.

त्यामुळे चाचणी बिघाडाला साजेशी हवी. झोपेसाठी: एक छोटी ध्वनिफाइल 'पीडब्ल्यू-प्ले'ने वाजवा, लगेच पुन्हा वाजवा, मग पंधरा-वीस सेकंद पूर्ण शांतता ठेवून तिसऱ्यांदा वाजवा. दुसरी स्वच्छ आणि तिसरी टक्कन वाजून सुरू झाली, तर हा झोपेचाच बिघाड आहे. एक्सरनसाठी: गाणं सलग चालू ठेवा आणि मशीनला कामाला लावा, म्हणजे एखादा मोठा कोड कम्पाइल करा किंवा ब्राउझरमध्ये डझनभर जड टॅब उघडा. गाण्याच्या मधोमध खरखर आली, आणि भार उतरला की गेली, तर तो एक्सरन.

एक खूण मात्र फसवी आहे: "चार्जर काढला की आवाज बिघडतो." हे ऐकून पुष्कळ जण लगेच वीजबचतीवर बोट ठेवतात. पण बॅटरीवर प्रोसेसरही हळू चालतो, त्यामुळे एक्सरनही वाढतात. आणि टीएलपीसारखी वीजबचतीची साधनं बॅटरीवर कार्डाची झोपही लवकर लावू शकतात. म्हणजे चार्जरची साक्ष दोन्ही बाजूंनी फिरते. ती नोंदवून ठेवावी, पण तिच्यावर निकाल देऊ नये.

"पाइपवायर रीस्टार्ट केलं की बरं होतं" हेही तसंच. रीस्टार्टमध्ये कार्ड नव्याने उघडलं जातं, प्रवाह नव्याने जुळतात, आणि पुढची काही मिनिटं दोन्ही रोग शांत राहू शकतात.

एकाच पडद्यावर दोघेही

माझ्या मते या सगळ्या भानगडीतली सगळ्यात कामाची आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी कमांड म्हणजे 'पीडब्ल्यू-टॉप'. ती चालू करून बाजूला ठेवली की दोन्ही बिघाड दोन वेगळ्या रकान्यांत दिसतात.

सगळ्यात डावीकडे 'एस' नावाचा रकाना आहे. त्यात 'आर' असेल तर उपकरण चालू, 'आय' म्हणजे रिकामं बसलेलं, 'एस' म्हणजे निलंबित, अर्थात झोपलेलं. गाणं थांबवा आणि त्या एका अक्षराकडे बघत बसा. वायरप्लंबर मुळातच ५ सेकंदांची मुदत घेऊन येतो, म्हणून साधारण तेवढ्या वेळात कार्डाच्या ओळीतलं अक्षर 'एस' होतं. आता पुन्हा आवाज सुरू करा. टक् हा आवाज बरोबर 'एस'चा 'आर' होताना आला, तर बघायला दुसरं काही उरत नाही.

उजवीकडे 'ईआरआर' हा रकाना. हा आकडा एक्सरनची आणि इतर चुकांची मोजदाद ठेवतो. प्रवाह सुरू होताना तो एखाद-दुसऱ्याने चढणं नेहमीचं आहे, तेवढ्यावरून घाबरू नये. पण गाणं वाजत असताना, कानाला खरखर लागताक्षणी हा आकडा पुढे सरकत असेल, तर गुन्हेगार सापडला. खरखर आहे आणि आकडा हलत नाही, असं असेल तर मात्र दोन्हींपैकी काहीच नसेल: आवाजाची पातळी शंभर टक्क्यांच्या वर ढकललेली असेल आणि आवाज फाटत असेल, किंवा केबल सैल असेल. ब्लूटूथ हा आणखी वेगळा संसार आहे, तिथे आधी रेडिओ लिंकवर संशय घ्यावा.

मधल्या रकान्यांत 'क्वांट' आणि 'रेट' असतात. समजा तिथे १०२४ आणि ४८००० दिसतं. म्हणजे पाइपवायर एका फेरीत १०२४ सॅम्पल तयार करतं आणि सेकंदाला ४८,००० सॅम्पल वाजतात. भागाकार केला की एका फेरीला सुमारे २१ मिलिसेकंद मिळतात. या २१ मिलिसेकंदांत साखळीतल्या प्रत्येकाने आपलं काम संपवायचं असतं. मूळ सेटिंग हेच आहे आणि साध्या वापराला ते भरपूर पुरतं. मग एक्सरन येतात कुठून? पुष्कळदा हा क्वांटमच (एका फेरीतल्या सॅम्पलचा आकडा, 'क्वांट' रकान्यातला) आक्रसलेला असतो. एकाच कार्डावर चालू असलेल्या प्रवाहांपैकी ज्याने सगळ्यात कमी विलंब मागितला त्याचं म्हणणं पाइपवायर ऐकतं. एखाद्या गेमने किंवा कॉलच्या ॲपने २५६ मागितले की तुमचं गाणंही २५६ वर येतं, आणि सगळ्यांच्या हातात जेमतेम ५ मिलिसेकंद उरतात.

जुन्या मशीनवर अजून पल्सऑडिओ असेल तर पीडब्ल्यू-टॉप चालणार नाही, पण अल्साला थेट विचारता येतं. 'प्रॉक' फोल्डरमधल्या 'असाउंड'खाली प्रत्येक कार्डाच्या प्लेबॅक उपकरणाची 'स्टेटस' नावाची फाइल असते. आवाज चालू असताना तिच्यात 'रनिंग' लिहिलेलं दिसतं, झोपल्यावर फक्त 'क्लोज्ड'. पल्सऑडिओतही शांततेनंतर कार्ड मिटणारं मॉड्यूल वेगळं आहे आणि त्याचीही मुदत मुळात ५ सेकंदच असते.

एक्सरन असेल तर

सेटिंगच्या फाइलला हात लावण्याआधी तात्पुरता प्रयोग करा. 'पीडब्ल्यू-मेटाडेटा'ने 'क्लॉक.फोर्स-क्वांटम' २०४८ वर न्या. एका फेरीला आता सुमारे ४३ मिलिसेकंद मिळतात. खरखर थांबली तर निदान पक्कं. तोच आकडा ० केला की सगळं पूर्ववत होतं, कुठे काही लिहिलं जात नाही. कायमचा उपाय करताना बरेच जण 'डिफॉल्ट.क्लॉक.क्वांटम' वाढवतात आणि फरक पडत नाही म्हणून वैतागतात. फरक पडणार नाहीच: ॲपने कमी मागितलं की ते पुन्हा खाली येणार. खालची मर्यादा 'डिफॉल्ट.क्लॉक.मिन-क्वांटम' ठरवतं, वाढवायचं ते हे.

पण क्वांटम वाढवणं हा पुष्कळदा निव्वळ लेप असतो. आधी एक गोष्ट जरूर बघावी: पाइपवायरच्या 'डेटा-लूप' थ्रेडला (आवाज पुढे ढकलणाऱ्या त्याच्या आतल्या धाग्याला) रिअलटाइम प्राधान्य, म्हणजे रांग तोडून आधी चालण्याचा हक्क, मिळालंय का? 'पीएस' कमांडला थ्रेड आणि त्यांचा शेड्युलिंग वर्ग दाखवायला सांगा. त्या थ्रेडपुढे 'एफएफ' किंवा 'आरआर' हवं. 'टीएस' असेल तर पाइपवायर बाकी सगळ्या प्रोग्रामांच्या रांगेत उभं आहे, आणि ब्राउझर धावला की त्याची पाळी चुकणार.

यातही एक गंमत आहे. हे प्राधान्य बहुधा आरटीकिट नावाची सेवा मिळवून देते. ती पहाऱ्याला साध्या प्राधान्याचा एक 'कॅनरी' थ्रेड ठेवते. मशीन इतकं तुंबलं की या कॅनरीला वेळच मिळेना, तर आरटीकिट ओळखीच्या सगळ्या रिअलटाइम थ्रेडना खाली उतरवते आणि लॉगमध्ये कॅनरी उपाशी असल्याची नोंद करते. त्यानंतर भार उतरला तरी पाइपवायरला गेलेलं प्राधान्य आपोआप परत मिळत नाही. "सकाळी छान चालतं, दुपारपासून खरखर, रीस्टार्ट केलं की पुन्हा छान" अशी तक्रार असेल तर 'जर्नलसीटीएल' कमांडने दिसणाऱ्या लॉगमध्ये आधी ही नोंद शोधा.

व्हर्च्युअल मशीनमध्ये असाल तर फार खोलात जाऊ नका. तिथे वेळ पाळणं मुळातच अवघड असतं. मोठा क्वांटम ठेवा आणि पुढे चला.

झोप असेल तर

इथे खरी गुंतागुंत आहे, कारण झोप एका ठिकाणी लागत नाही. वायरप्लंबर ५ सेकंदांनी उपकरण मिटतो. ते मिटल्यावर कर्नलमधल्या ड्रायव्हरची घटका सुरू होते आणि ती भरली की कोडेक चिपची वीज कमी केली जाते. आणि तिसरी झोप केबलच्या पलीकडे: काही डीएसी (आकड्यांचा आवाज करणारी बाहेरची उपकरणं), टीव्ही आणि ॲम्प्लिफायर शांतता ओळखून स्वतःच आवाज बंद करतात, त्यांना लिनक्सने काय केलं याचं सोयरसुतक नसतं.

नेटवरचा सगळ्यात लोकप्रिय उपाय म्हणजे वायरप्लंबरमध्ये 'सेशन.सस्पेंड-टाइमआउट-सेकंड्स' ० करणं. तो चालतो, पण का चालतो ते बघा: उपकरण कधी मिटतच नाही, म्हणून कर्नलची घटकाही कधी सुरू होत नाही. दोष कर्नलच्या पायरीवर असला तरी तो झाकला जातो आणि कार्ड दिवसभर जागं राहतं. त्यामुळे मी क्रम उलटा ठेवतो. आधी कर्नल. 'सिस' फोल्डरमध्ये 'एसएनडी_एचडीए_इंटेल' मॉड्यूलच्या पॅरामीटर्समध्ये 'पॉवर_सेव्ह' आहे. रूट होऊन तिथे ० लिहा. परिणाम लगेच होतो, रीबूट लागत नाही. टक् बंद झाला तर वायरप्लंबरला हात न लावता हेच मूल्य 'मॉडप्रोब.डी' या सेटिंगच्या फोल्डरमध्ये कायम करा, आणि टीएलपी असेल तर त्याच्या सेटिंगमध्येही, नाहीतर चार्जर काढला की ते तुमचं ० पुसून टाकेल. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर मात्र साउंड ओपन फर्मवेअरचा ड्रायव्हर असतो. तिथे हा प्रयोग लागू होत नाही. कोणता ड्रायव्हर चालू आहे ते 'एलएसपीसीआय'ला 'के' पर्याय देऊन आधी बघून घ्या.

कर्नलमध्ये फरक पडला नाही तर वायरप्लंबरची मुदत ० करून बघा. इथे एक खड्डा आहे. ०.५ आवृत्तीपासून वायरप्लंबरने लुआ भाषेतल्या सेटिंगच्या फाइल सोडून दिल्या. जुन्या लेखांतली लुआ फाइल आजच्या मशीनवर टाकली तर ती लागू होत नाही, आणि माणूस म्हणतो, "हा उपाय माझ्याकडे चालत नाही." आवृत्ती बघून मगच फाइल लिहा.

दोन्ही करूनही पहिला शब्द जातच असेल आणि पीडब्ल्यू-टॉपमध्ये कार्ड सतत जागं दिसत असेल, तर झोप बाहेरच्या उपकरणात आहे. त्यावर पाइपवायरमध्ये एक चलाख तोडगा आहे: 'डिदर.नॉइज'ने कानाला न जाणवणारा अत्यंत बारीक आवाज सतत सोडायचा, म्हणजे पलीकडच्या डीएसीला शांतता झाल्याचं कळतच नाही. यासाठी अर्थात वायरप्लंबरची मुदत ० ठेवावीच लागते.

कर्नलच्या पायरीवरचा टक् सापडला असेल तर तो स्वतःपुरता बंद करून थांबू नका. एचडीए ड्रायव्हरच्या (म्हणजे वरच्या 'एसएनडी_एचडीए_इंटेल'च्या) आत अशा मशीनची एक यादीच असते, ज्यांच्यावर ही वीजबचत आपोआप बंद ठेवली जाते. यादीत मशीन ओळखलं जातं ते पीसीआयच्या सबसिस्टम क्रमांकावरून. 'अल्सा-इन्फो' स्क्रिप्टच्या अहवालात बाकीच्या तपशिलाबरोबर तो क्रमांकही येतो. तो अहवाल, आणि 'पॉवर_सेव्ह' ० केल्यावर टक् थांबतो ही एक ओळ, एवढं कर्नलच्या साउंड विभागाला कळवलं की त्यांना नोंद करायला पुरतं.