ट्रकप्रतिकृती, जुन्या अमेरिकन

एखाद्या जुन्या अमेरिकन मालमोटारीची ठरावीक प्रमाणात लहान केलेली आणि मूळ वाहनाची मापे, जोडणी व वापराच्या खुणा या तिन्हींशी इमान राखणारी प्रतिकृती. खेळण्यातल्या ट्रकपासून तिचे वेगळेपण मापांत असते, तर विक्रेत्याच्या काचेमागील चकचकीत नमुन्यापासून झिजेत. कालमर्यादेची खालची कड सर्वसाधारणपणे साखळीने मागची चाके फिरवणाऱ्या मॅक एसी (१९१६) या ट्रकाशी धरतात. वरच्या कडेबद्दल एकवाक्यता नाही. अमेरिकेतील अनेक राज्यांत २५ वर्षे जुने वाहन पुरातन म्हणून नोंदवता येते. परंतु ही मर्यादा दरवर्षी पुढे सरकत असल्यामुळे वर्गीकरणाच्या कामाची नाही. त्यापेक्षा १९८२ हे वर्ष अधिक सयुक्तिक दिसते. त्या वर्षीच्या संघीय कायद्याने राष्ट्रीय महामार्गांवरील ट्रकच्या एकूण लांबीवरची राज्यांची बंधने उठवली, फक्त ट्रेलरची लांबी नियमाखाली ठेवली आणि रुंदीची मर्यादा ९६ इंचांवरून १०२ इंचांवर नेली. एकूण लांबीत बसण्यासाठी केबिन इंजिनावर चढवलेल्या चपट्या तोंडाच्या ट्रकांची गरज त्यानंतर उरली नाही व लांब बॉनेटचे ट्रक सर्वत्र झाले. प्रतिकृतिकार ज्याला जुना ट्रक म्हणतात तो बहुधा या कायद्याआधीचा असतो.

पूर्वपीठिका : प्रतिकृतींचा उगम खेळण्यांत शोधण्याची प्रथा आहे. इलिनॉयमधील फ्रीपोर्ट येथील आर्केड कंपनी ओतीव लोखंडाचे मॅक व इंटरनॅशनल ट्रक ‘खऱ्यासारखे दिसतात’ या ब्रीदाखाली विकत असे. ईस्ट मोलीन येथे फ्रेड लुंडाल यांचा कारखाना इंटरनॅशनल हार्वेस्टरसाठी पत्र्याचे भाग दाबून काढी. त्याच जाड पत्र्यातून त्यांनी १९२०-२१ च्या सुमारास मुलासाठी ट्रक घडवला आणि त्यातून ‘बडी एल’ ही खेळणी निघाली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपासून दहाएक वर्षे कॅलिफोर्नियात स्मिथ-मिलर या निर्मात्यांनी मॅक एल मालिकेचे धातूचे ट्रक बनवले. जनरल मोटर्सच्या आश्रयाने १९३० ते १९६८ या काळात चाललेल्या फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्डच्या स्पर्धांचाही उल्लेख या संदर्भात होतो. मात्र तेथे मुलांकडून आधी घोडागाड्या व नंतर मोटारींचे कल्पनाचित्रांवर बेतलेले नमुने मागवत. ट्रकांशी त्याचा संबंध दूरचाच.

आजच्या, सुट्या भागांतून प्रतिकृती जोडायच्या संचांचा थेट पूर्वज म्हणून विक्रेत्यांना दिल्या जाणाऱ्या प्रचार-नमुन्यांकडे बोट दाखवणे अधिक योग्य ठरेल. मिशिगनमधील ट्रॉय येथील एएमटी ही कंपनी १९४८ पासून असे नमुने करी. मिलवॉकीची प्रॉडक्ट मिनिएचर ही तिची स्पर्धक. आरंभीचे नमुने ॲसिटेट प्लॅस्टिकचे असल्याने कालांतराने वाकत. छप्पर खचलेले व फुटबोर्ड धनुष्यासारखे झालेले नमुने आजही संग्राहकांच्या हाती येतात. साधारण १९६० नंतर स्टायरीन हे न वाकणारे प्लॅस्टिक रूढ झाले व ही अडचण संपली. दरम्यान १९५८ मध्ये एएमटीने एकाच संचातून तीन तऱ्हांची मोटार बनवण्याची सोय आणली होती. रेव्हेल या कंपनीने पन्नाशीच्या दशकातच १:४८ (मूळच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाच्या) प्रमाणात ट्रक-ट्रेलरचे संच काढले होते, पण त्यांत इंजिन व चेसिस यांना दुय्यम स्थान होते.

मोठ्या ट्रकांचा तपशीलवार संच १:२५ प्रमाणात आला तो १९६९-७० च्या सुमारास, एएमटीच्या पीटरबिल्ट ३५९ च्या रूपाने. पुढच्या काही वर्षांत केनवर्थ, फ्रेटलायनर, ऑटोकार, जीएमसी ॲस्ट्रो, फोर्ड लुईव्हिल, अमेरिकन लाफ्रान्स अग्निशामक अशी रांगच लागली. ट्रकचालकांविषयीच्या एका दूरचित्रवाणी मालिकेतील केनवर्थचाही संच निघाला. चालक रस्त्यावर आपापसांत बोलण्यासाठी वापरत त्या सीबी रेडिओच्या काळात लांब पल्ल्याचा चालक लोकनायक झाला होता, हे या तेजीचे एक कारण दिसते. एएमटी १९७८ मध्ये लेस्नी या ब्रिटिश खेळणी-कंपनीकडे, नंतर आयोवातील अर्टलकडे आणि पुढे राउंड २ या इंडियानातील कंपनीकडे गेली. जुन्या साच्यांतून आजही पुनर्मुद्रणे निघतात. साचा झिजलेला असल्यास जोडरेषेवर प्लॅस्टिकची झालर येते. ती घासण्यातच नवशिक्याचे पहिले काही दिवस जातात.

प्रमाणाचा प्रश्न : अमेरिकन मोटारींच्या व ट्रकांच्या प्रतिकृतींत १:२५ व १:२४ ही दोन प्रमाणे शेजारी शेजारी नांदतात आणि याचे कारण वादग्रस्त आहे. १:२४ ची उत्पत्ती सरळ आहे : एक फुटाला अर्धा इंच. लाकडी घरे व फर्निचर यांच्या नमुन्यांतही हेच माप चालते. १:२५ साठी मात्र निदान दोन स्पष्टीकरणे दिली जातात. एका मतानुसार डेट्रॉइटच्या अभियांत्रिकी आलेखनात दशमान पट्ट्या वापरत. दहास एक या प्रमाणातील आराखडे आणखी अडीचपट लहान केले की १:२५ मिळते आणि नमुने कारखान्याच्या आराखड्यांवरून बनत असल्याने तेच प्रमाण चिकटले. दुसऱ्या मतानुसार खोक्याच्या आकारात बसेल असा नमुना आधी करून प्रमाणाचा आकडा मागाहून जोडला गेला. विमाने व जहाजांच्या जुन्या संचांबाबत हे दुसरे मत निःसंशय खरे आहे. परंतु अनेक वर्षांचे मोटारींचे नमुने एकाच प्रमाणाभोवती सातत्याने राहतात, ही गोष्ट खोक्याच्या उपपत्तीने उलगडत नाही; म्हणून पहिले मत ग्राह्य धरण्याकडे कल आहे. युरोपात व मोनोग्राम या अमेरिकन कंपनीच्या अनेक संचांत १:२४ च राहिले. इटालेरी या इटालियन कंपनीचे अमेरिकन ट्रकही त्याच मापाचे आहेत.

चार टक्क्यांचा हा फरक किरकोळ वाटला तरी ट्रकांत तो लपत नाही. ९६ इंच रुंदी १:२५ मध्ये ९७.५ मिमी. भरते, तर १:२४ मध्ये १०१.६ मिमी. चाळीस फुटी ट्रेलर अनुक्रमे ४८.८ व ५०.८ सेंमी. होतो. १:२५ च्या ट्रॅक्टरमागे (म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकामागे) १:२४ चा ट्रेलर लावला की ट्रेलरची कड दोन्ही बाजूंनी डोकावते. टायर हाही नेहमीचा फसवा भाग. १०.००-२० आकाराच्या (दहा इंच रुंद, वीस इंची रिमच्या) टायरचा व्यास १:२५ मध्ये सुमारे ४२ मिमी. हवा; कॅलिपर लावल्याशिवाय संचातील टायरवर विश्वास ठेवू नये. रिमचा प्रकारही काळाशी जुळावा लागतो. पूर्वेकडील जुन्या ट्रकांवर ओतीव आऱ्यांची डेटन चाके वारंवार दिसतात, तर दहा बोल्टांची बड चकती-चाके वेगळी ओळखू येतात.

युद्धकालीन ट्रकांचे प्रमाण आणखी निराळे. टामिया या जपानी कंपनीने १९६१ मध्ये पँथर रणगाड्याचा संच करताना मोटर व बॅटऱ्या मावतील असा आकार घेतला, तो १:३५ च्या आसपास निघाला आणि लष्करी नमुन्यांचे तेच प्रमाण झाले. साडेपाच लाखांहून अधिक संख्येने बनलेला जीएमसी सीसीकेडब्ल्यू हा अडीच टनी ट्रक त्यामुळे १:३५ मध्ये मिळतो. १९४४ मध्ये फ्रान्समध्ये चाललेल्या रेड बॉल एक्स्प्रेस या रसद-मार्गावर तो राबला. त्या मार्गावरील बहुसंख्य चालक कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिक होते. या ट्रकाचे ॲक्सल दोन तऱ्हांचे, टिमकेनचे दुभंग घराचे व जीएमचे बँजोच्या आकाराचे. पत्र्याची बंद केबिन व ताडपत्रीची उघडी केबिन असाही भेद आहे. छायाचित्रातल्या ट्रकाला कोणता ॲक्सल आहे हे न पाहता जोडणी करणारे बरेच आढळतात.

जोडणी व रंगकाम : वास्तवता भागांच्या संख्येवर अवलंबून असते असा समज आहे. प्रत्यक्षात ती जाडीवर अधिक अवलंबून असते. संचातील मडगार्डची कड एक मिमी. जाड असली तर खऱ्या ट्रकावर तो पंचवीस मिमी. पत्रा ठरतो, असला ट्रक रणगाडाच म्हणावा लागेल. जाणकार म्हणूनच मडगार्ड, दार व फाळक्याच्या कडा आतल्या बाजूने खरवडून पातळ करतात. दिसते ती फक्त कड, आतली जाडी कोणी पाहत नाही. ब्रेकची अर्ध्या इंची नळी १:२५ मध्ये अर्धा मिमी. तारेने साधते. ट्रेलरकडे जाणाऱ्या हवेच्या नळ्यांत आणीबाणीची लाल व सेवेची निळी असा संकेत आहे, पण फार जुन्या ट्रकांवर साध्या काळ्या रबराच्या नळ्या दाखवणे बरे. लाकडी हौद्याच्या फळ्या स्टायरीनच्या पट्ट्यांतून कापून त्यांवर करवतीचे दात ओढले की लाकडाच्या शिरा उमटतात. खरे लाकूड वापरू नये, त्याच्या शिरा या प्रमाणात ओंडक्यासारख्या दिसतात. क्रोमसाठी चिकट धातुवर्ख दाराच्या व खिडकीच्या पट्टीवर दाबून धारदार पात्याने कापतात. मॅकच्या बॉनेटवरील बुलडॉग कुत्र्याचा छोटा पुतळा १९३२ मधील. तो सोनेरी असल्यास इंजिन, गिअरपेटी व ॲक्सल सारे मॅकचेच आहे असा संकेत मानतात. कमिन्स या दुसऱ्या कंपनीचे इंजिन बसवलेल्या मॅकवर सोनेरी कुत्रा ठेवणे हे स्पर्धांतील परीक्षकांच्या नजरेतून सहसा सुटत नाही.

गंजाचा भूगोल हा स्वतंत्र विषय आहे. मिशिगन, ओहायो, पेनसिल्व्हेनिया या पट्ट्यात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे ट्रक खालून वर कुजतो : केबिनचे खालचे कोपरे, फुटबोर्ड, मडगार्डच्या मागच्या कडा. ॲरिझोना-नेवाडाच्या कोरड्या हवेत उलटा क्रम लागतो. छप्पर व बॉनेट यांचा रंग उन्हाने विटतो, रंगाखालचे अस्तर उघडे पडते, मग पत्र्यावर पातळ तपकिरी थर चढतो. खालची बाजू मात्र शाबूत राहते. एकाच नमुन्यावर दोन्ही दाखवले की ट्रक कुठेच राबलेला वाटत नाही. तंत्र असे : आधी गंजाचा रंग, त्यावर केसांच्या स्प्रेचा हात, मग वरचा जलविद्राव्य रंग. ओल्या कुंचल्याने घासले की स्प्रेचा थर सुटतो व वरचा रंग टवके निघाल्यासारखा उडतो. काही जण स्प्रेऐवजी मिठाचे दाणे चिकटवून नंतर खरवडतात. टवके चालक जिथे पाय ठेवतो, दार धरतो, माल घसटतो तिथेच यावेत.

संदर्भासाठी कॅन्झस सिटीतील अमेरिकन ट्रक हिस्टॉरिकल सोसायटी (स्थापना १९७१), ॲलनटाउनमधील मॅकचे संग्रहालय व इंटरनॅशनल हार्वेस्टरची छायाचित्रे जपणारी विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटी उपयोगी पडतात. आयोवाच्या फर्स्ट गिअर कंपनीचे १:३४ प्रमाणातील तयार ओतीव ट्रक, उदा. १९५१ चा फोर्ड एफ-६ व १९६० चा मॅक बी-६१, संग्राहकांत प्रिय आहेत. स्वतः जोडणारे त्यांना आपल्यात धरत नाहीत.

भारतात जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडी येथे शेव्हरोले वाहनांची जुळणी केली, ती १९५४ मध्ये बंद पडली. कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाईल्समधून क्रायस्लरच्या परवान्याखाली डॉज व फार्गो ट्रक निघत. हे ट्रक उजव्या सुकाणूचे व त्यांची बॉडी बहुधा स्थानिक सुतारांनी बांधलेली. अमेरिकन संचावरून ते साकारायचे तर स्टिअरिंग, पेडल व डॅशबोर्ड उलट बाजूस न्यावे लागतात आणि केबिनमागचा सारा भाग जुन्या छायाचित्रांवरून नव्याने बांधावा लागतो.