वसतियोग्य पट्टा आणि जीवसृष्टीची खूण: बातमीत होणारी गल्लत

एप्रिल २०२५ मध्ये के२-१८बी या दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहाची बातमी आली आणि गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर 'परग्रहावर जीव सापडला' सुरू झालं. मूळ बातमीत दोन वेगळ्या गोष्टी होत्या, पण त्या एकाच वाक्यात कोंबलेल्या: ग्रह वसतियोग्य पट्ट्यात आहे आणि तिथे जीवसृष्टीची खूण दिसते आहे. पहिली गोष्ट हिशेबाची, दुसरी अजून वादातली.

वसतियोग्य पट्टा म्हणजे ताऱ्यापासूनचं असं अंतर, जिथे ग्रहाला साजेसं वातावरण असलं तर पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात टिकू शकेल. तो ठरवायला ताऱ्याचं तेज आणि ग्रहाचं अंतर पुरतं. ग्रहावर प्रत्यक्षात काय आहे ते कुणी पाहिलेलं नसतं. गोव्यात हे समजावून सांगायला फार वेळ लागू नये. प्रादेशिक आराखड्यात जमीन सेटलमेंट झोनमध्ये, म्हणजे वस्तीसाठीच्या पट्ट्यात, गेली म्हणून तिथे घर उभं राहत नाही, की विहिरीला पाणी लागत नाही. आपला चंद्रच घ्या. सूर्यापासून जवळपास पृथ्वीइतक्याच अंतरावर, म्हणजे अगदी पट्ट्यात, पण वाहत्या पाण्याचा थेंब नाही. उलट शनीचा उपग्रह एन्सेलेडस पट्ट्याच्या कितीतरी बाहेर, तरी कॅसिनी यानाने त्याच्या बर्फाच्या भेगांतून उडणारे पाण्याचे फवारे टिपले. त्यामुळे नुसतं 'पट्ट्यात सापडला' वाचून मी तरी हुरळत नाही.

खूण हे निराळंच प्रकरण. ग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा थोडा प्रकाश ग्रहाच्या वातावरणातून गाळून येतो, आणि तिथला प्रत्येक वायू ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतो. त्यावरून हवेत काय काय आहे ते कळतं. एकटा वायू मात्र फारसं सिद्ध करत नाही. डिसेंबर १९९० मध्ये गॅलिलिओ यान गुरूकडे जाताना पृथ्वीजवळून गेलं, तेव्हा खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी याच नजरेने पृथ्वी तपासली. भरपूर ऑक्सिजन आणि त्यासोबत मिथेन! हे दोघे एकत्र फार काळ नांदत नाहीत, मिथेन संपत जातो. म्हणजे कुणीतरी तो सतत पुरवतंय. जोडी असली की खुणेला वजन येतं.

आता के२-१८बी. सुमारे १२४ प्रकाशवर्षं दूर, वस्तुमान पृथ्वीच्या आठपटीहून जास्त, ३३ दिवसांचं वर्ष. एप्रिलच्या संध्याकाळी मिरामारच्या किनाऱ्यावर उभं राहिलं तर सिंह रास जवळजवळ डोक्यावर असते. तिथली मघा दिसते, पण याच राशीतला या ग्रहाचा मंद लाल तारा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीतून इथे मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड आढळले. दोन वर्षांनी केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ निक्कू मधुसूदन यांच्या गटाने डायमिथाइल सल्फाइड या वायूचा किंवा त्याच्यासारख्याच एका भावंड-वायूचा माग लागल्याचं मांडलं. हा वायू आपल्या ओळखीचा आहे. समुद्रातलं सूक्ष्म वनस्पतिप्लवक तो तयार करतं, दर्याच्या वासात त्याचा वाटा असतो, आणि तिसऱ्या (शिंपले) उकडताना जो वास सुटतो त्यातही. पृथ्वीवर तो मुख्यतः सजीवांकडूनच येतो, म्हणून एवढी खळबळ.

पण तोच वायू ६७पी या धूमकेतूवरही आढळला आहे, आणि तिथे प्लवक नाही. शिवाय या ग्रहाला मुळात समुद्र आहे, की तो जाड वायूचं पांघरूण असलेला छोटा नेपच्यून आहे, यावर एकमत नाही. तीच निरीक्षणं इतर गटांनी पुन्हा तपासली, तर त्यांना संकेत फारच दुबळा वाटला. दावा होता तीन सिग्माचा, म्हणजे निव्वळ योगायोगाने असं दिसण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के, शोध पक्का म्हणायला पाच सिग्मा लागतात. मधुसूदन यांच्या गटाच्याच अंदाजाने तिथवर पोचायला वेबच्या निरीक्षणाचे आणखी १६ ते २४ तास पुरावेत.