नेरळचं कोळशाचं इंजिन आणि वाफेचा वेष घातलेलं डिझेल

मध्य रेल्वेने माथेरानच्या मिनी ट्रेनच्या एका डिझेल इंजिनाला जुन्या कोळशाच्या इंजिनाचं रूप दिलं आणि नेरळला फोटो काढणाऱ्यांचा गोंधळ सुरू झाला. 'वाफेचं इंजिन परत आलं' असे संदेश फिरतात. ते आलेलं नाही. हे डिझेलच आहे, कपडे तेवढे बदललेत.

फरक ओळखायला डोळ्यांपेक्षा कान बरे. कोळशाच्या इंजिनात दोन बाजूंना दोन सिलिंडर. चाकाच्या एका फेरीत वाफ चार वेळा बाहेर पडते, म्हणून झुक-झुकचा ताल थेट चाकाशी बांधलेला असतो. 20 फुटांमागे एक फूट चढणाऱ्या या घाटात गाडी दमली, की ताल संथ आणि जड होतो. डिझेलचं तसं नाही. गाडी जागच्या जागी उभी असली तरी ते घरघरतच असतं. वरून धूर सोडा, शिट्टी वाजवा, तो ताल काही येत नाही.

1907 साली मार्ग सुरू झाला तेव्हाची इंजिनं जर्मनीच्या ऑरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीची. त्यांच्या टोकाच्या चाकांच्या आसांना (अ‍ॅक्सलना) थोडं वळता येई, म्हणूनच साधारण 18 मीटर त्रिज्येच्या वळणांवर ती टिकली. पण त्यांचे लाड फार! भट्टी पेटवून वाफ धरायलाच काही तास, सोबत भट्टीत कोळसा घालणारा फायरमन, आणि वाटेत पाणी. वॉटरपाइप स्थानकाचं नाव त्यातूनच पडलं. डिझेलला पाणी भरायला थांबायचं कारण उरलं नाही, स्थानक मात्र आहे.

आणखी एक गैरसमज म्हणजे एके दिवशी वाफ गेली आणि डिझेल आलं. युंग कंपनीची जर्मन डिझेल इंजिनं 1950च्या दशकातच नेरळला आली होती. कोळशाची इंजिनं निवृत्त झाली 1980च्या दशकाच्या सुरुवातीला. म्हणजे जवळजवळ पाव शतक दोन्ही एकाच रुळांवर होती. त्यामुळे 'तेव्हा आम्ही डिझेलनेच गेलो होतो' म्हणणारे आजोबा आणि 'छे, कोळशाची होती' म्हणणारी आजी, दोघंही खरं बोलत असू शकतात.

मूळ इंजिन बघायचं असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात एक आहे. एक ब्रिटनला गेलं.