‘व्हायरस’ या शब्दामागचे विष

लॅटिनमध्ये ‘वीरुस’ म्हणजे चिकट द्रव, विष किंवा नाकाला झोंबणारा दर्प. पिसाळलेला कुत्रा चावला, तर जखमेवर तुंबडी लावून त्याचे ‘वीरुस’ ओढून काढावे, असा सल्ला पहिल्या शतकातील रोमन लेखक केल्सस याने दिला आहे. आज रेबीजचे कारण आपल्याला ठाऊक असल्याने हे वाक्य वाचताना दचकायला होते. केल्ससला मात्र त्यात विषापलीकडे काहीही अभिप्रेत नव्हते. आपला ‘विष’ हा शब्द याच लॅटिन शब्दाचा सख्खा भाऊ, दोन्ही एकाच मूळ धातूपासून निघालेले.

इंग्रजीत हा शब्द चौदाव्या शतकाच्या अखेरीस आला आणि अठराव्या शतकापर्यंत एका अंगातून दुसऱ्या अंगात रोग नेणाऱ्या द्रव्यालाही लागू लागला. एडवर्ड जेनरने १७९८ च्या ग्रंथात गाईच्या देवीच्या फोडांतील स्रावाला ‘व्हायरस’च म्हटले आहे. (मराठीत अशा स्रावाला ‘लस’ म्हणत, त्या शब्दाचा प्रवास नेमका उलट, उपायाच्या दिशेने झाला.) रोगाचे कारण दिसत नव्हते तोवर ‘व्हायरस’ हे एका अज्ञाताचेच नाव होते.

१८९२ मध्ये दिमित्री इवानोवस्की यांना असे आढळले की, रोगट तंबाखूच्या पानांचा रस जिवाणू अडवणाऱ्या चिनी मातीच्या गाळणीतून गाळला, तरी तो निरोगी रोपांना रोग देतो. १८९८ मध्ये मार्टिनस बायेरिंक यांनी या कारकाला ‘जिवंत, संसर्गकारक द्रव’ ठरवून त्यासाठी ‘व्हायरस’ हा जुनाच शब्द वापरला. द्रवाची ही कल्पना टिकली नाही. १९३५ मध्ये वेंडेल स्टॅन्ली यांनी त्याच तंबाखूच्या व्हायरसचे स्फटिक मिळवले, आणि काही वर्षांतच इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे काडीसारखे कण दिसले. व्हायरस ना द्रव होता, ना विष. नाव तेवढे कायम राहिले.

मराठीने ‘विषाणू’ हा शब्द घडवताना ‘विष’ आणि ‘अणू’ यांची सांगड घातली आणि विज्ञानाने मागे टाकलेला लॅटिन अर्थ पुन्हा जागा केला. १९८३ मध्ये फ्रेड कोहेन यांनी स्वतःच्या प्रती काढत पसरणारा संगणकीय प्रोग्रॅम तयार केला आणि त्यालाही ‘व्हायरस’ हेच नाव मिळाले. संगणकाच्या बाबतीत मात्र मराठी माणूस सहसा ‘विषाणू’ म्हणत नाही. तिथे तो ‘व्हायरस’च म्हणतो. ‘व्हायरल’ या विशेषणाने तर विषाशी नातेच तोडले आहे: लेकराला ‘व्हायरल झालंय’ म्हणून डॉक्टरांकडे धावणाऱ्या घरात त्याच लेकराचा व्हिडिओ ‘व्हायरल झाला’ की पेढे वाटले जातात.