खाऱ्या हवेतला क्रोनोग्राफ

मे महिन्याच्या अखेरीस संध्याकाळी समुद्रावर वीज लखलखते आणि तिचा गडगडाट काही सेकंदांनी किनाऱ्यावर येतो. ती वीज किती लांब पडली हे सांगणारं यंत्र मनगटावर बांधता येतं. जुन्या क्रोनोग्राफ घड्याळांच्या, म्हणजे वेळ दाखवता दाखवता बटणाने स्टॉपवॉचचंही काम करणाऱ्या घड्याळांच्या, तबकडीच्या कडेला पुष्कळदा ‘टेलिमीटर’ नावाची पट्टी छापलेली असते. वीज दिसली की वरचं बटण दाबायचं, गडगडाट ऐकू आला की पुन्हा दाबायचं. काटा ज्या आकड्यापाशी थांबेल, तितके किलोमीटर वीज लांब. पहिल्या महायुद्धाच्या काळात शत्रूच्या तोफेची ज्योत आणि तिचा आवाज यांतल्या वेळावरून तोफेचं अंतर याच रीतीने मोजलं जाई.

हिशेब सोपा आहे. प्रकाश जवळजवळ त्याच क्षणी पोहोचतो, आवाज मात्र रमतगमत येतो. तीन सेकंदांना एक किलोमीटर असं धरलं तर आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३३३ मीटर होतो. थंड हवेत हे ठीक आहे, कारण शून्य अंश सेल्सियसला तो ३३१ मीटर असतो. तापमान एका अंशाने वाढलं की वेग साधारण ०.६ मीटरने वाढतो. आपल्याकडच्या ३० अंशांच्या हवेत तो ३४९ मीटरच्या आसपास जातो. म्हणजे अशी पट्टी ‘३ किलोमीटर’ दाखवते तेव्हा रत्नागिरीत वीज खरं तर ३ किलोमीटर १४० मीटरवर पडलेली असते. एवढा फरक चालतो. पण हा प्रयोग घरात राहूनच करावा, मोकळ्या सड्यावर उभं राहून मुळीच नाही. चमक आणि गडगडाट यांत ३० सेकंदांहून कमी वेळ गेला, तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची डोक्यावरही पडू शकते.

दुसरी पट्टी ‘टॅकिमीटर’ची. एक किलोमीटर कापायला लागलेल्या सेकंदांनी ३६०० ला भागलं की ताशी वेग मिळतो, आणि तो भागाकार तबकडीवर आधीच करून ठेवलेला असतो. कोकण रेल्वेच्या खिडकीत बसून रुळांकडेच्या दोन किलोमीटर-खुणांमध्ये ४५ सेकंद गेले, तर काटा ८० वर येतो. करबुड्याच्या साडेसहा किलोमीटर लांबीच्या बोगद्यात खुणा दिसत नाहीत. तिथे मिनिटं मोजणारी छोटी तबकडी कामाला येते. आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत पाच मिनिटं लागली, तर सरासरी वेग ताशी ७८ किलोमीटर. डॉक्टरांच्या घड्याळावर नाडीची पट्टी असे. दर्यावर्दी माणूस दीपगृहाच्या दोन झोतांमधला वेळ मोजून ते कुठलं दीपगृह हे ओळखे, कारण प्रत्येकाची उघडझाप वेगळी असते.

हे सगळं करताना मूळ घड्याळ क्षणभरही थांबत नाही. क्रोनोग्राफचं खरं कौशल्य तेच, आणि जुन्या घड्याळांचे संग्राहक मागचं झाकण उघडून तासन्‌तास आत पाहत बसतात तेही त्याचसाठी. चालू यंत्रातल्या सेकंदाच्या चाकाला दुसरं चाक जोडायचं, हवं तेव्हा सोडवायचं आणि काटा शून्यावर आणायचा. या तीन कामांसाठी शंभराहून अधिक जास्तीचे भाग लागू शकतात. जुन्या पद्धतीच्या यंत्रात बटण दाबलं की खांबांसारखे दात असलेलं एक चाक एक घर पुढे सरकतं. त्या खांबांवर टेकलेली तरफ खांबांमधल्या फटीत उतरते आणि एक मधलं चाक मिलिमीटरच्या काही दशांशांनी सरकून क्रोनोग्राफच्या चाकात गुंततं. दोन्ही चाकं गुंतताना दाताचं टोक टोकावर आलं, तर काटा सुरुवातीला किंचित उडी मारतो. ती टाळायला या चाकांचे दात अतिशय बारीक ठेवतात.

शून्यावर येण्याची युक्ती मला या सगळ्यांत सर्वांत सुंदर वाटते. काट्याच्या दांड्यावर हृदयाच्या आकाराची एक पोलादी चकती बसवलेली असते. तिच्या कडेचं दांड्यापासूनचं अंतर खाचेपासून टोकापर्यंत एकसारखं वाढत जातं. रीसेटचं बटण दाबलं की एक सपाट हातोडी त्या कडेवर आदळते. आघात कुठेही झाला, तरी दाब दांड्याच्या एका बाजूला पडतो आणि चकती फिरते. हृदयाचे दोन्ही खांदे हातोडीला टेकेपर्यंत ती फिरत राहते. डोंगरावर कुठेही पडलेलं पावसाचं पाणी शेवटी वहाळातच उतरतं, तसा काटा १० सेकंदांवर असो की ५२ वर, शून्यावरच येतो. हातोडी बरोबर टोकावर पडली तर? टोक इतकं निमुळतं ठेवलेलं असतं की चकती तिथे तोल धरूच शकत नाही. ती एका अंगाला घसरतेच. ॲडॉल्फ निकोल यांनी या हृदयाचं पेटंट १८४४ साली घेतलं. आजही बाजारात येणाऱ्या बहुतेक यांत्रिक क्रोनोग्राफमध्ये तेच धडधडतं आहे.

त्याआधीचा क्रोनोग्राफ शून्यावर येत नसे असं मात्र नाही. लुई मोने यांनी १८१६ साली पूर्ण केलेलं यंत्र सेकंदाचा साठावा भाग मोजे आणि काटा शून्यावर आणण्याची सोयही त्यात होती. ते आकाशनिरीक्षणासाठी केलं होतं आणि २०१३ पर्यंत जगाला त्याची फारशी माहितीच नव्हती. त्यामुळे दीर्घकाळ पहिला मान निकोला रियुसेक यांना मिळाला. त्यांच्या यंत्राने १८२१ साली पॅरिसच्या घोड्यांच्या शर्यतीत तबकडीवर शाईचे ठिपके पाडून वेळ नोंदवली होती.

काटा किती बारीक मोजेल हे पुढेमागे झुलून घड्याळाची गती राखणाऱ्या बॅलन्स चाकाच्या ठोक्यांवर ठरतं. तासाला १८,००० ठोके म्हणजे सेकंदाला पाच, म्हणून जुन्या तबकड्यांवर एका सेकंदाचे पाच भाग असतात. झेनिथ या स्विस कंपनीच्या ‘एल प्रिमेरो’ यंत्राचे ठोके तासाला ३६,०००, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. हे यंत्र १० जानेवारी १९६९ रोजी जाहीर झालं. ब्राइटलिंग, ह्यूअर, हॅमिल्टन-ब्यूरेन आणि द्युब्वा देप्राझ या कंपन्यांच्या गटाने ३ मार्चला आपलं ‘क्रोनोमॅटिक’ दाखवलं. जपानच्या सेकोचं ६१३९ क्रमांकाच्या यंत्राचं घड्याळ मे महिन्यात दुकानांत आलं. हाताच्या हालचालीने आपोआप चावी मिळणारा क्रोनोग्राफ पहिला कोणाचा, यावर संग्राहक आजही हमरीतुमरीवर येतात. माझं मत विचाराल तर लोकांच्या हातात आधी पडलेलं घड्याळ पहिलं मानावं. पण झेनिथवरची माझी माया त्याने कमी होत नाही.

त्या मायेचं कारण शार्ल व्हेर्मो नावाचा कारागीर. बॅटरीवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळांच्या लाटेत १९७५ साली झेनिथच्या अमेरिकन मालकांनी यांत्रिक घड्याळं बंद करून हत्यारं आणि साचे मोडीत काढायचा हुकूम दिला. व्हेर्मो यांनी स्वित्झर्लंडमधल्या ले लोकल गावच्या कारखान्यातले साचे, कॅम आणि कापायची हत्यारं उचलून माळ्यावर नेली, त्यांवर चिठ्ठ्या लावल्या आणि सगळी माहिती लिहून ठेवली. १९८४ मध्ये एल प्रिमेरो पुन्हा सुरू करायचं ठरलं, तेव्हा याच ठेव्यातून काम उभं राहिलं. पुढे १९८८ पासून रोलेक्सच्या डेटोनामध्येही हेच यंत्र, ठोके २८,८०० वर आणून, बसू लागलं.

कोकणातल्या जुन्या ट्रंकांत मात्र झेनिथ क्वचितच सापडेल. सापडली तर सेको. सत्तरच्या दशकापासून रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातली कितीतरी माणसं आखातात नोकरीला आणि जहाजांवर गेली, आणि सुट्टीवर येताना मनगटावर सेको असणं ही त्या काळची शान होती. त्यातच कधी पिवळ्या किंवा निळ्या तबकडीचं, खाली एकच छोटी तबकडी असलेलं ६१३९ निघतं. अशाच पिवळ्या तबकडीचं घड्याळ अंतराळवीर विल्यम पोग यांनी १९७३-७४ मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकावर वापरलं होतं. त्यात चाकं बाजूने गुंतत नाहीत. वरखाली सरकणारी चकती घर्षणाने पकडली जाते, त्यामुळे काटा उडी न मारता सुटतो. ही कल्पना आता महागड्या स्विस घड्याळांतही वापरतात. ट्रंकेत सापडलेलं असं घड्याळ भंगारात देऊ नका, एवढी मनापासून विनंती.

पण आपल्या किनाऱ्यावर घड्याळाचा सर्वांत मोठा शत्रू खारी हवा. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि पावसाळ्यात हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. साधं मीठ ७५ टक्क्यांच्या वर हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं. समुद्री मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते साधारण ३३ टक्क्यांनाच ओलं होतं. म्हणून घड्याळावर बसलेला खारा थर हिवाळ्यातही कधी पूर्ण सुकत नाही. स्टेनलेस स्टीलला गंज लागत नाही, हा समज इथे महागात पडतो. त्याचं रक्षण करणारा क्रोमियम ऑक्साइडचा थर काही नॅनोमीटरचा असतो. मिठातले क्लोराइड आयन तो भेदतात, आणि प्राणवायू पोहोचत नाही अशा फटीत तो पुन्हा भरून येत नाही. मागच्या झाकणाच्या रबरी रिंगखाली दिसणारे बारीक खड्डे असेच पडलेले असतात.

क्रोनोग्राफचं दुखणं साध्या घड्याळाहून जास्त, कारण त्याला दोन बटणं म्हणजे आणखी दोन भोकं. शिवाय घड्याळाची डबी दिवसभरात जणू श्वास घेते. उन्हात आतली हवा प्रसरण पावून बाहेर पडते, रात्री गार झाल्यावर ओली हवा आत येते. काचेच्या आतून धुकं दिसलं की समजावं, आतल्या साध्या पोलादाच्या स्प्रिंगा आणि स्क्रू गंजायला सुरुवात झाली आहे. तांदळाच्या डब्यात घड्याळ ठेवल्याने फारसा उपयोग होत नाही, पिठूळ धूळ मात्र शिरते. घट्ट झाकणाचा डबा, रंग बदलणारं सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर, एवढ्यात काम भागतं. आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास ठेवावी. फार कोरड्या हवेत चामड्याचे पट्टे तडकतात.

याच ऊन-दमटपणाने काही काळ्या तबकड्यांचा रंग उतरून त्या तपकिरी होतात. संग्राहक त्यांना ‘ट्रॉपिकल’ म्हणतात आणि जास्त पैसे मोजतात. रंग सगळीकडे सारखा, उबदार उतरला असेल तर मलाही तो आवडतो. पण बुरशीचे डाग आणि फुगलेला रंग यांना ते नाव देऊन विकणाऱ्यांपासून सावध राहावं. तशाच ‘मुंबई स्पेशल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, नव्याने रंगवलेल्या तबकड्या. भिंगातून पाहिलं की अक्षरांच्या कडा फुटलेल्या आणि रेघा वाकड्या दिसतात. चमकणारे ठिपकेही खूप सांगतात. तबकडीच्या तळाशी ‘टी’ अक्षर असेल तर ट्रिटियम, ज्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षं. १९६५ च्या घड्याळात आज त्यातलं जेमतेम तीन टक्के उरलेलं असेल. असं घड्याळ अंधारात लख्ख उजळत असेल तर ठिपके नंतर रंगवलेले आहेत. त्याहून जुन्या घड्याळांत रेडियम असू शकतं. त्याचं अर्धायुष्य १६०० वर्षं, म्हणजे चमक गेली तरी किरणोत्सर्ग तसाच आहे. अशी तबकडी खरवडू नये आणि काच घरी काढू नये, कारण ती धूळ श्वासातून आत गेली तर धोकादायक असते.

मर्यादित आवृत्त्यांबद्दल माझा उत्साह कमी आहे. ओमेगाने १९६९ साली चांद्रमोहिमेच्या गौरवासाठी ‘स्पीडमास्टर’ क्रोनोग्राफची सोन्याची १०१४ घड्याळं केली आणि त्यांतली काही अंतराळवीरांना दिली. तो आकडा खऱ्या प्रसंगाला चिकटलेला आहे. पण पुष्कळ नव्या ‘मर्यादित’ घड्याळांत १९७४ पासून चालत आलेलं व्हाल्जू ७७५० हेच यंत्र असतं. यंत्र उत्तम आहे, टिकाऊ आहे, पण मागच्या झाकणावर कोरलेल्या क्रमांकाने ते वेगळं होत नाही. त्या पैशांत जुन्या घड्याळाची नीट सर्व्हिसिंग होते आणि नव्या रबरी रिंगाही बसतात.

जुनं घेताना दुकानातच बटणं दाबून पाहावं. सुरू केल्यावर काटा अडखळतो का, शून्यावर बरोबर उभ्या रेघेवर येतो का, ३० मिनिटांची तबकडी मिनिटागणिक पुढे सरकते का. पाहणी दहा मिनिटं चालू द्यावी, पहिल्या मिनिटात सगळीच चांगली चालतात. चाकं बाजूने गुंतणारं यंत्र असेल तर क्रोनोग्राफ चालू असताना बॅलन्सचा झोका थोडा कमी होणारच. तो फार कमी झाला तर तेल सुकलेलं आहे. सेको ६१३९ मधली ती वरखाली सरकणारी चकती, म्हणजे त्याचा क्लच, सहसा उघडून दुरुस्त करत नाहीत. तो बिघडला की दुसऱ्या बंद ६१३९ मधून काढून बसवावा लागतो. म्हणून माझ्या ओळखीचे घड्याळजी बंद पडलेली सेकोही विकत घेऊन डब्यात ठेवतात.